नातं वेगळं, निगा वेगळी

रुग्णाला बरं करायचं, त्याच्या माणसांत नेऊन पोचवायचं, की आपलं काम संपलं. सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी करताना बहुतेक वर्षं माझं हेच मत होतं. नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी हेच शिकवत असे, बैठकांत हेच हट्टाने मांडत असे. आज मी तसं मानत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या लांबलेल्या आजारातून सावरणाऱ्या प्रौढ माणसाला आधी राहायला स्वतःची म्हणावी अशी जागा हवी, त्या जागेत गरजेपुरती मदत हवी. नातेवाईक त्यानंतर, दोन्हीकडच्यांना झेपेल तितके. माझा हा क्रम कसा बदलला ते सांगायचं आहे.

जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. आमच्या शिक्षणात दोन गोष्टी हमखास यायच्या. पहिली अमृतसरची. तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहायला बोलावलं. घरची माणसं जवळ राहिली, आजार काय असतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि रुग्णाला घेऊन घरी जाताना त्यांची भीती बरीच ओसरलेली असायची. दुसरी गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाची. 1960च्या दशकाच्या अखेरीस अनेक देशांत सुरू झालेल्या त्या अभ्यासात आपल्याकडचं आग्रा हे केंद्र होतं. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांपेक्षा आपल्यासारख्या देशांत जास्त चांगले सावरतात असं त्यातून दिसलं, आणि त्याचं श्रेय पुष्कळांनी आपल्या कुटुंबव्यवस्थेला दिलं. आम्ही ते परीक्षेत लिहिलं आणि पुढे मनातही धरून ठेवलं.

शिवाय समोर दुसरा पर्याय होता तो वॉर्डचा. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मंजूर खाटा अनुक्रमे 2,540, 1,850, 940 आणि 365. यातली बहुतेक इंग्रजी अमदानीतली. ज्याने अशा एखाद्या वॉर्डात एक पावसाळा काढला आहे, त्याला रुग्ण तिथून कुठेही गेला तरी बरंच वाटेल. पन्नास जणींची एकच खोली, एकाच कापडाचे कपडे, घंटेबरोबर येणारा चहा, घंटेबरोबर मिळणारी गोळी. सरकारी भिंतीबाहेर तर आणखी भयंकर काही चालायचं. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसं गेली. त्यानंतर आमच्यापैकी कुणालाच 'संस्था' या प्रकाराबद्दल चांगलं बोलावंसं वाटेना. मग उरलं काय? घर. आणि घर म्हणजे नातेवाईक, यावर आम्ही कुणी वेगळा विचारच केला नव्हता.

कायद्याची घडणही तशीच होती. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली बरेच रुग्ण दंडाधिकाऱ्याच्या रिसेप्शन ऑर्डरने आत यायचे. बाहेर पडताना व्यवहारात नातेवाइकाची सही लागायची. सही करणारा कुणी नसला की डॉक्टरांनी केसपेपरवर 'घरी सोडण्यायोग्य' असं लिहिलेलं असूनही माणूस आतच राहायचा. त्यामुळे आमचं सगळं कसब सही मिळवण्यात खर्ची पडायचं. रुग्ण गावाचं नाव अर्धवट सांगतो, तालुका सांगत नाही, बोलीवरून जिल्हा ओळखायचा. मग पोलीस पाटलाला फोन, पोस्टमास्तरला पत्र, शाळेच्या दाखल्याचा शोध. पत्ता लागला की भाऊ किंवा चुलता यायचा, दोघं एकमेकांकडे बघत उभे राहायचे आणि कुणीतरी एक रडायचं. या कामाची नशा असते. कर्जतजवळच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन देशभरातल्या त्यांच्या घरांपर्यंत पोचवतात. त्यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. ते काम मला आजही मोलाचंच वाटतं. हरवलेल्या माणसाला त्याचं घर सापडलंच पाहिजे.

माझं मत हललं ते परत येणाऱ्यांमुळे. वाजतगाजत घरी पाठवलेली माणसं काही महिन्यांनी, कधी वर्षाने, पुन्हा दाखल व्हायची. केसपेपरवर कारण एकच: 'औषध बंद केले.' होम व्हिजिटला गेलं की त्या तीन शब्दांमागचं सगळं दिसायचं. दोन खोल्यांचं घर, त्यात भाऊ, भावजय, तीन मुलं. रुग्णाला झोपायला पडवी. जेवण वेगळ्या ताटात. रेशनकार्डावरचं नाव मधल्या काळात कमी झालेलं. सातबाऱ्यावर त्याचा हिस्सा असेल तर त्या हिश्श्याची कुजबुज. पुतणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की काकांना 'थोडे दिवस दवाखान्यात' धाडायची घाई. औषध बंद होण्याची कारणंही साधी असायची. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदाच येतो आणि त्या दिवशी भाताची लावणी असते. किंवा ओलान्झापिनच्या गोळीने भूक वाढते आणि 'काम करत नाही, पण दोन माणसांचं जेवतो' हे रोज ऐकावं लागतं. मग तो स्वतःच गोळी थुंकायला लागतो.

या घरांना निर्दय म्हणणं सोपं आहे. मला ते जमलं नाही, कारण आत गेल्यावर राबणारी बाईही दिसायची. कुटुंब सांभाळतं, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात सांभाळते ती बहुतेक वेळा एकटी बाई: आई, आई थकली की बहीण, नाहीतर भावजय. गोळ्या मोजायच्या, रात्री दार लावलं का बघायचं, शेजाऱ्यांचं ऐकून घ्यायचं, अंघोळीवरून होणारी रोजची झटापट निभवायची, आणि 'तूच काहीतरी बोलली असशील' हा ठपकाही घ्यायचा. पंच्याहत्तरी ओलांडलेली आई पन्नाशीच्या मुलाची दाढी करून देताना मी पाहिली आहे. त्या माउलीच्या मायेचं कौतुक करून आम्ही अहवाल लिहायचो आणि फाइल बंद करायचो. तिच्या माघारी काय, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नव्हता.

बायका रुग्ण असल्या की गणित आणखी बिघडायचं. नवऱ्याने दुसरा घरोबा केलेला, माहेरचे म्हणणार 'दिलेली मुलगी', भाऊ पत्त्यावर असूनही पत्राला उत्तर नाही. ठाण्याच्या रुग्णालयात बरी होऊनही वर्षानुवर्षं राहिलेल्या एका स्त्रीच्या निमित्ताने डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा हे चित्र सगळ्यांसमोर आलं. देशभर तेच. द हान्स फाउंडेशनच्या 2019च्या अभ्यासात 43 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली. त्यांतले सुमारे 36 टक्के रहिवासी वर्ष किंवा त्याहून जास्त काळ आत होते. आजारापायी आत असलेले त्यांत असणारच. पण जायला जागा नाही म्हणून आत राहिलेले किती, हे वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला विचारलं तर ती बोटं मोजत नावं सांगेल.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 साली आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. आम्हाला प्रशिक्षणं झाली. आमचं लक्ष मुख्यतः दाखल करण्याच्या नव्या नियमांकडे होतं. कलम 19 मी बऱ्याच उशिरा नीट वाचलं. त्यात म्हटलं आहे की मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी नाहीत एवढ्याच कारणाने त्याला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. आणि ज्यांना मोठ्या रुग्णालयाची गरज उरलेली नाही त्यांच्यासाठी हाफवे होम, ग्रुप होम यांसारख्या कमी बंधनाच्या जागा उभ्या करणं हे सरकारचं काम आहे. त्याआधीच्या कलम 18 मध्ये आधारासह निवासाचाही उल्लेख आहे. वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. सहीभोवती फिरणारं आमचं सगळं काम या कलमाने बाजूला सारलं होतं. माणूस कुठे राहील हे त्याला कोण नेतो यावर अवलंबून ठेवू नका, असं कायदा सरळ सांगत होता.

कलम वाचून मत पुरतं बदलत नाही, निदान माझं बदललं नाही. कागदावर चांगलं असलेलं पुष्कळ काही मी पाहिलं आहे. 2019 साली महाराष्ट्रातच बऱ्या झालेल्या रुग्णांना वृद्धाश्रमांत आणि भिक्षेकरीगृहांत हलवण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयासमोर आला आणि तो ताबडतोब थांबवायला न्यायालयाने राज्याला सांगितलं. कायदा पाळल्याचं दाखवायला एका कोंडवाड्यातून दुसऱ्या कोंडवाड्यात. म्हणून 'समाजात राहणं' म्हणजे नेमकं काय, ते बघायचं ठरवलं.

चेन्नईची बन्यन ही संस्था 1993 साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी सुरू केली. त्यांनीही सुरुवातीला उपचार करून घरी पोचवण्याचंच काम केलं. पण ज्यांना परत जायला घर नाही, किंवा जायचंच नाही, अशा स्त्रिया उरल्या. त्यांच्यासाठी गेल्या दशकात 'होम अगेन' हा उपक्रम सुरू झाला. साध्या वस्तीत भाड्याने घर घ्यायचं, चारपाच जणींनी एकमेकींना निवडून तिथे राहायचं, आणि सोबत एक मदतनीस. ही मदतनीस नर्स नसते, बहुधा आसपासचीच एखादी बाई असते. कुणाला चोवीस तास सोबत लागते, कुणाला आठवड्यातून दोनदा डोकावणं पुरतं. हा उपक्रम महाराष्ट्रात रत्नागिरीपर्यंत आला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'तराशा' हा प्रकल्प 2011पासून वेगळ्या वाटेने तेच करतो आहे: रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जागा, कामाचं प्रशिक्षण, नोकरी आणि मागे उभं राहणारं माणूस.

कोकणातल्या अशा एका घरी मी गेले तेव्हा तपासणीच्या वृत्तीनेच गेले. औषधांची नोंद बघितली, मोरी बघितली, मदतनिसाला चार आडवे प्रश्न विचारले. पण लक्षात राहिलं ते वेगळंच. दाराची किल्ली घरातल्या बायकांकडे होती. दुपारी टीव्हीवर काय लावायचं यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि मदतनीस मध्ये पडली नाही. वॉर्डात 'बोलत नाही' असा शेरा असलेली एक बाई मासेवालीशी हुज्जत घालत होती. बांगडा शिळा आहे, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. केसपेपरातल्या 'उदासीन', 'पुढाकार घेत नाही' या शेऱ्यांमधला किती भाग आजाराचा आणि किती भाग घंटेचा, हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता.

मासेवालीशी हुज्जत घालणाऱ्या त्या बाईचा भाऊ मला माहीत होता. त्याने आमच्या कित्येक पत्रांना दाद दिली नव्हती. भेटायला बोलावलं की सबब सांगायचा. 'भेटायला या'चा अर्थ तो 'घेऊन जा' असा करायचा, आणि त्याचं बरोबरच होतं, आम्हाला तेच हवं असायचं. बहीण भाड्याच्या घरात राहायला लागल्यावर मात्र तो आपण होऊन आला. मग बायकोला घेऊन आला. गणपतीत बहिणीला दीड दिवसासाठी गावी घेऊन गेला, आरतीला उभं केलं, परत आणून सोडलं, डबाभर मोदक दिले. त्याला विचारलं तर म्हणाला, 'आता मी नुसता भाऊ आहे ना. येऊ शकतो.'

माझ्या बदललेल्या मताचा गाभा या वाक्यात आहे. नातं आणि निगा यांची आपण एकच मोळी बांधली आहे. निगा पेलत नाही म्हणून माणसं नातंच सोडतात, फोन उचलत नाहीत, पत्ता बदलतात. निगेचा भार दुसऱ्या कुणी, रीतसर पगार घेऊन, उचलला तर नात्याला श्वास मिळतो. मग भाऊ सणाला येतो, भावजय पुरणपोळी पाठवते, पुतणी लग्नाची पत्रिका द्यायला स्वतः येते. कुटुंब हीच आपली ताकद असं मी म्हणायचे, ते आजही म्हणते. पण त्या ताकदीवर चोवीस तासांची ड्यूटी लादली की ती लवकर संपते, हेही आता त्याला जोडते.

माझ्या मनात शंका होत्या, आणि सगळ्या फिटलेल्या नाहीत. धोक्याचं काय, हा पहिला प्रश्न मला घरमालकांकडून येतो. मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, हे अभ्यासांनी वारंवार दाखवलं आहे. तरी शेजारी घाबरतात. अनुभव असा की घरावर पाटी लावली, उद्घाटनाला पुढारी बोलावला, की वस्ती बिथरते. चार भाडेकरूंसारखं गुपचूप राहायला गेलं, दूधवाल्याशी आणि वाण्याशी ओळख झाली, की कुणी फारसं विचारत नाही. सहकारी सोसायटीत सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं. पण सेक्रेटरींनी भुवया उंचावल्या की मालकच कच खातो. अकरा महिन्यांचा करार संपला की 'मुलगा पुण्याहून परत येतोय' हे कारण तयार असतं.

खर्चाचं मला वाटायचं की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. हिशेब समजून घेतला तेव्हा कळलं की मोठा खर्च मदतनिसाच्या पगाराचा आणि त्यानंतर भाड्याचा. औषधं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मोफत मिळू शकतात, किराणा चार जणींत वाटला जातो. रुग्णालयातली खाट रुग्णाला फुकट असली तरी सरकारला फुकट नसते. इमारत, रखवालदार, स्वयंपाकघर, धोबी, सगळं त्या खाटेच्या नावावर चढतं. तरी शासनाला इमारत बांधणं सोपं जातं. तिचं भूमिपूजन होतं, तिला कंत्राट असतं. पन्नास बायकांचं भाडं आणि बारा मदतनिसांचा पगार दर महिन्याला वेळेवर देणं हे चिवट काम आहे. त्याचा फोटो निघत नाही.

अपयशही पाहिलं. एका घरात राहायला गेलेला एक माणूस तिथे रमला नाही. त्याला एकटं राहायचं होतं, चौघांत नव्हे. दारू होती, तिच्यावरून बाचाबाची होती, अखेर तो निघून गेला. त्याला पुन्हा वॉर्डात आणायचं की पाठोपाठ जाऊन दुसरी खोली बघून द्यायची, यावर आमच्यात एकमत झालं नाही. ग्रुप होम हा सगळ्यांवर एकच उतारा नाही, एवढं मी त्यातून घेतलं. आणि निष्काळजीपणा झाला तर चार जणींचं घर हा छोटा वॉर्ड व्हायला वेळ लागत नाही. किल्ली मदतनिसाकडे गेली, चहाची वेळ ठरली, फ्रिजला कुलूप लागलं, की समजावं. हे कोण बघणार, याला अजून पक्कं उत्तर नाही. तीव्र झटक्याच्या वेळी रुग्णालयाच्या खाटा लागतातच, आणि त्या चांगल्या असाव्या लागतात, याबद्दल माझं मत काडीभरही बदललेलं नाही.

निवृत्तीनंतर माझ्याकडे जास्त करून येतात ते मध्यमवर्गीय आईवडील. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांच्या स्वमदत गटांत शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारी माणसं, एकमेकांना भेटतात, तिथून माझा नंबर मिळतो. ही संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केली. कॅनडात प्राध्यापकी करणाऱ्या या धुळ्याच्या माणसाच्या घरातच हा आजार होता. त्यांच्याच प्रयत्नांतून 2004 साली 'देवराई' हा चित्रपट आला. त्यात भाऊ शुभार्थी, म्हणजे रुग्ण, आणि बहीण शुभंकर. चित्रपट पाहिलेले आईवडील मला सांगतात की आमच्या मुलाला अशी बहीणही नाही. मग ठरलेला प्रश्न: 'आयुष्यभर ठेवून घेतील अशी चांगली संस्था सांगा ना.'

पूर्वी मी पत्ते द्यायचे. आता आधी उलट प्रश्न विचारते. मुलाला कुठे राहायचंय, हे त्याला कधी विचारलंत? बहुतेकांनी विचारलेलं नसतं. मग कागदांकडे वळते, कारण जागा आणि मदत दोन्ही कागदावर टिकतात. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं आहे का? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो आणि 40 टक्क्यांपासून पुढे सवलती लागू होतात. वडील सरकारी नोकरीत होते का? असले, तर कमावू न शकणाऱ्या अशा अपत्याला त्यांच्या माघारी आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, त्याची नोंद हयातीतच करून ठेवावी. नॅशनल ट्रस्टच्या पालकत्वाची सोय ऐकून पुष्कळ जण माझ्याकडे येतात. 1999चा तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, मानसिक आजारासाठी नाही. हे उशिरा कळलं की आईवडिलांचे चेहरे उतरतात. त्यांच्यासाठी खासगी विश्वस्त निधी हा मार्ग उरतो: राहता फ्लॅट आणि ठेवी विश्वस्तांकडे, राहण्याचा हक्क मुलाचा, मदतनिसाचा पगार व्याजातून.

2017च्या कायद्यातल्या दोन तरतुदी मी आवर्जून समजावते, कारण त्यांना पैसा लागत नाही. कलम 14खाली मुलगा स्वतः आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. जिच्यावर त्याचा विश्वास आहे अशी शेजारीणही चालते. आणि कलम 5खाली आजार उलटला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे तो आधीच लिहून ठेवू शकतो. एका घरात मुलाने लिहिलं, 'मला मामाच्या गाडीतून न्यायचं नाही.' आईवडिलांना नवल वाटलं. मागच्या प्रत्येक वेळी मामानेच त्याला फसवून गाडीत बसवलं होतं.

शेवटचं आणि सगळ्यांत अवघड सांगणं: वेगळं राहण्याची सुरुवात तुम्ही हयात असताना करा. आईच्या तेराव्यानंतर मुलाला घर, माणसं, जेवण आणि गोळीची वेळ हे सगळं एकाच आठवड्यात बदलावं लागलं तर आजार उलटणारच. त्यापेक्षा आत्ता शनिवार-रविवार दुसऱ्या जागी, मग आठवडाभर, सोबत एखादा समवयस्क शुभार्थी आणि एक मदतनीस. आई फोनच्या अंतरावर. तीनचार कुटुंबांनी एकत्र येऊन एक फ्लॅट चालवायचा, हे मी अलीकडे सुचवते. पटतं सगळ्यांना, पुढे येतात थोडे. 'आम्ही असताना मुलाला बाहेर ठेवलं असं लोक म्हणतील' ही भीती मोठी आहे. मी तीच भीती अधिकाराच्या खुर्चीतून वर्षानुवर्षं घातली असल्यामुळे ती काढायला माझ्याकडे वेळ आहे.

हे सगळं जमायला जे लागतं त्यातलं बरंचसं आपल्याकडे आहे. कायदा आहे. औषधं तालुक्यापर्यंत पोचत आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022पासून दिवसरात्र लागतो. मदतनीस म्हणून काम करायला तयार बायका गावोगाव आहेत, त्यांना महिनाभराचं प्रशिक्षण आणि जगण्यापुरता पगार हवा. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात त्यांच्या पगारासाठी आणि घरभाड्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवं. ते मागण्याचं काम आमच्यासारख्यांनी केलं पाहिजे आणि आम्ही करतो आहोत. पण रोजचं काम अडतं ते घरमालकाच्या होकारापाशी. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी दोन खोल्यांचा फ्लॅट मुलगा परदेशी गेल्यापासून बंद असेल. भाडं वेळेवर मिळेल, करार रीतसर होईल, पोलीस पडताळणी होईल, नळ गळला तर फोन येईल. भाडेकरू चारचौघांसारखेच असतील, फक्त रात्रीच्या जेवणानंतर गोळी घेणारे. तशा गोळ्या तर तुमच्या मजल्यावरही बऱ्याच जणांच्या असतील.